घर उभे असताना

भारतीय माणसाने टिपलेला पहिला वार्तापट कशाचा होता, ठाऊक आहे? घरी परतणाऱ्या माणसाचा. दापोलीजवळच्या मुर्डी गावात जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला जाऊन गणितात पहिले आले, सीनियर रँग्लर झाले आणि १९०१ च्या डिसेंबरात मुंबईला उतरले. चौपाटीवर त्यांचे जंगी स्वागत झाले. ते स्वागत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी आपल्या कॅमेऱ्यात टिपले. हे सावेदादा धंद्याने छायाचित्रकार. १८९६ च्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, तेव्हापासून त्यांना या खुळाने घेरले. विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती चित्रित केली होती. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ मध्ये. म्हणजे गोष्ट सांगणारा सिनेमा येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे खऱ्या माणसांचा सिनेमा आला होता.

सावेदादांची ती फिल्म आज राहिलेली नाही. पण मला नेहमी वाटते, कॅमेरा चौपाटीवरच थांबला. तो परांजप्यांच्या मागोमाग घरापर्यंत गेला नाही. दारात कोणी भाकरतुकडा ओवाळून टाकला का, बोटीच्या प्रवासाने दमलेल्या त्या माणसाला घरच्यांनी पहिल्या रात्री काय खायला केले, यातले काही आपल्याला दिसणार नव्हते. स्वागत हा प्रसंग होता, घर हा प्रसंग नव्हता. हा फरक पुढे शंभर वर्षे टिकला.

खरे तर सिनेमाची सुरुवातच घरातून झाली होती. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी पैसे घेऊन पहिला खेळ केला, त्यातल्या एका चित्रात एक जोडपे अंगणातल्या टेबलाशी बसून आपल्या तान्ह्या बाळाला भरवते आहे. ते जोडपे म्हणजे ऑगस्त ल्युमिए आणि त्याची बायको. मिनिटभराचा मामला. यात काहीच घडत नाही, बाळ खाते, बस. पण ते घर कॅमेरा ज्याच्या मालकीचा त्याचेच होते, हेही लक्षात ठेवायला हवे. दुसऱ्याच्या घरात शिरताना काय होते, ते पुढे अमेरिकेच्या रॉबर्ट फ्लाहर्टीने दाखवले.

१९२२ सालचा त्याचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा जगातला पहिला गाजलेला लांबीचा माहितीपट. कॅनडाच्या उत्तरेला हडसन उपसागराच्या काठी बर्फात राहणाऱ्या इनुइट लोकांचे रोजचे जगणे त्यात आहे. नानूक बर्फाच्या लाद्या कापून घर उभारतो, बर्फाचीच काच करून खिडकी बसवतो, हा भाग पाहताना आजही माणूस हरखतो. पण आत अंधार. त्या काळच्या कॅमेऱ्याला पुरेल इतका उजेड त्या घरात नव्हता आणि कॅमेरा शिरायला जागाही नव्हती. मग फ्लाहर्टीने एक मोठे घर बांधून घेतले आणि ते अर्धे कापले. ते कुटुंब उघड्या अर्ध्या घरात, थंडीवाऱ्यात झोपण्या-उठण्याचे काम करत होते आणि प्रेक्षक समजत होते, घरात किती ऊब आहे! नानूक हे त्या माणसाचे खरे नाव नव्हते, त्याची पडद्यावरची बायकोही खरी बायको नव्हती. त्या लोकांच्या हाती तेव्हा बंदुका आल्या होत्या, पण चित्रपटात भालेच दिसले पाहिजेत असा आग्रह होता. मी फ्लाहर्टीला लबाड म्हणणार नाही. त्याने त्या माणसांवर प्रेम केले होते, हे फ्रेमफ्रेममधून कळते. पण घर दाखवण्यासाठी घर अर्धे कापावे लागते, हा जो काही धडा त्याने घालून दिला, तो नंतरच्या पुष्कळांनी फारच मन लावून गिरवला.

आपल्याकडे हे काम सरकारने केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, इंग्रज सरकारने 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' हे खाते काढले आणि थिएटरवाल्यांना युद्धप्रचाराच्या फिल्म्स दाखवणे सक्तीचे केले. १९४६ मध्ये ते गुंडाळले गेले. त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झालेल्या देशाच्या सरकारकडे स्वतःचे चित्रपट खातेच नव्हते. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली, मुंबईत. सक्ती मात्र पुन्हा आली. मुख्य चित्रपटाआधी मान्यताप्राप्त वार्तापट किंवा अनुबोधपट दाखवायचा आणि त्याचे भाडेही थिएटरवाल्याने भरायचे. अनुबोधपट हा शब्द आता कोणी वापरत नाही. बोध करणारा पट! नावातच सारे आले. माहितीपट हा त्यामानाने गरीब शब्द, फक्त माहिती देतो म्हणतो.

मंडळी, माझे गाव अणदूर. तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे. आमच्या गावाचा खंडोबा प्रसिद्ध आहे आणि त्याची गंमत अशी, की या देवाला दोन घरे आहेत. मूर्ती एकच. वर्षातला बराच काळ ती अणदूरला असते आणि सुमारे पावणेदोन महिने जवळच्या नळदुर्गात, मैलारपूरच्या देवळात. देव न्यायचा-आणायचा म्हणजे दोन्ही गावच्या मानकऱ्यांत रीतसर लेखी करार होतो. देवालासुद्धा लेखी करून दिल्याशिवाय घर बदलता येत नाही, असे आमच्याकडचे म्हातारे हसून म्हणत. याच खंडोबाला मल्लूखान म्हणणारे मुसलमानही आहेत. तर पौष पौर्णिमेला मैलारपूरची मोठी जत्रा भरते आणि माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरीच्या दशकाच्या शेवटी, तिथे तंबू टॉकीज लागायची. अणदूरची आम्ही पोरे चालत जायचो.

तंबूत खाली मातीवर बसायचे. मशीन घरघर करू लागे, आणि मुख्य सिनेमाच्या आधी कधी कधी पडद्यावर ती पाटी यायची, 'फिल्म्स डिव्हिजन की भेंट'. लगेच निम्मा तंबू शेंगा आणायला बाहेर. मी बसून राहायचो, कारण बाहेर जायला पैसे नसायचे. त्यामुळे मी भाक्रा पाहिले, नागालँडचे नाच पाहिले, पूर पाहिले, पंतप्रधान पाहिले. खेडे असेल तर ते नेहमी स्वच्छ असे. शेतकरी नव्या बियाण्याकडे बघून हसे. आणि माणसे बोलत नसत. त्यांच्या वतीने एक भरदार आवाज बोले. एवढा आत्मविश्वास असलेला आवाज आमच्या गावात तलाठ्याचासुद्धा नव्हता.

आमच्या वाट्याला त्या पडद्यावर काय आले? ईदची गळाभेट. मुसलमान पडद्यावर आला की तो ईदगाहवर असे, पांढऱ्या टोपीत, आणि लगेच पुढच्या दृश्यात दिवाळी, मग गुरुद्वारा, मग चर्चची घंटा. हेतू चांगलाच होता, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण चुलीपुढे दखनीत बोलणारी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की पाण्यावरून मराठीत भांडणारी आणि कन्नड मुलखातून आलेल्या बांगडीवालीशी कन्नडमध्ये घासाघीस करणारी माझी अम्मा मी त्या पडद्यावर कधी पाहिली नाही. ईद वर्षातून दोनदा. उरलेल्या दिवसांत आम्ही कुठे असतो, हे देशाला कळायची सोयच नव्हती.

याच तंबू टॉकीजवर पुढे एक सुंदर माहितीपट निघाला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स', २०१६ चा. महाराष्ट्रातल्या जत्रांतून फिरणारे ट्रक, गंजलेली मशीनं, ती दुरुस्त करणारे हात हे सारे त्यांनी वर्षानुवर्षे मागे फिरून टिपले आणि कानच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. बघताना मला माझे बालपण सापडले, पण तेव्हा तंबूचा धंदा शेवटच्या घटका मोजत होता. म्हणजे इथेही कॅमेरा पोचला तो निरोपाच्या वेळीच.

फिल्म्स डिव्हिजनमध्ये सगळेच भरदार आवाजाचे नव्हते. १९६७ मध्ये एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय अ‍ॅम ट्वेंटी' केला. देश वीस वर्षांचा, तर देशाएवढ्याच वयाच्या मुलामुलींना गाठून त्यांनाच बोलते केले. सरकारी पैशाने काढलेल्या फिल्ममध्ये ही मुले सरळ सांगतात, की आम्हाला या देशाबद्दल काय वाटते आणि काय वाटत नाही. १९६८ मध्ये फली बिलिमोरियांनी 'द हाउस दॅट आनंद बिल्ट' केला. ओरिसातला आनंद नावाचा एक खेडूत, त्याने बांधलेले घर, त्याची शिकून शहरांकडे गेलेली मुले, एवढाच विषय. धरण नाही, पूर नाही, पुढारी नाही. तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. मला तो फार नंतर पाहायला मिळाला. आमच्या तंबूत आला असता, तर शेंगांना गेलेले लोक परत आले असते असे मला उगाचच वाटते. कारण आनंदची अडचण आमच्या प्रत्येक घरात होती. पोरगा शिकवायचा, आणि शिकला की तो पुण्याला जाणार.

पण नियम म्हणून पाहिले, तर घर पडद्यावर आले ते पडतानाच. १९८५ चा आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' घ्या. मुंबईच्या फुटपाथवरच्या आणि झोपडपट्टीतल्या लोकांची घरे महापालिका पाडते आहे आणि कॅमेरा त्या लोकांत उभा आहे. त्यातली एक बाई चक्क फिल्मवाल्यांवरच उखडते. आमचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आमचे काय होणार, असा तिचा सवाल आहे. पटवर्धनांनी तो कापून टाकला नाही, ठेवला. माझ्या मते आपल्या माहितीपटाच्या इतिहासातला हा फार मोठा क्षण आहे. नानूकने हा सवाल विचारला असेलही, पण आपल्यापर्यंत तो पोचला नाही.

याच 'हमारा शहर'मध्ये एक शाहीर गातो, विलास घोगरे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगरेंनी आपल्या झोपडीत स्वतःला संपवले. पटवर्धनांनी तिथून धागा पकडला आणि चौदा वर्षे तो सोडला नाही. 'जय भीम कॉम्रेड' २०११ मध्ये पूर्ण झाला. चौदा वर्षे! एवढा वेळ लोकांकडे येणे-जाणे ठेवले, की माणूस पाहुणा राहत नाही. त्या माहितीपटात आंबेडकरी वस्त्यांतली घरे, भिंतीवरच्या तसबिरी, गाणारी पोरे दिसतात ती अशी, की कोणी आपल्यासाठी आवरून ठेवलेली नाहीत. मी कविता लिहितो म्हणून असेल, पण एका गाणाऱ्याच्या जाण्याने सुरू होणारी ही फिल्म मला सलग पाहवली नाही. दोन रात्री लागल्या.

नारायण सुर्व्यांवर आणि चित्रकार सुधीर पटवर्धनांवर अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी 'साचा' केला, तो २००१ मध्ये. तेव्हा गिरणगाव मोडीत निघाले होते. याच दोघांचा 'नाता' २००३ चा. धारावीतले भाऊ कोरदे आणि वकार खान या दोन मित्रांची ही हकिकत. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मोहल्ला कमिटीचे काम करताना ही दोस्ती मुरली. वकारभाईंनी चार धर्मांच्या वेषातल्या मुलांचे एक पोस्टर काढले होते. आता तुम्ही म्हणाल, हे तर पुन्हा ईद-दिवाळी-गुरुद्वाराच झाले. पोस्टर तसेच आहे, कबूल. पण फिल्म तिथे थांबत नाही. ती धारावीच्या गल्ल्यांतून फिरते, कोण कुठून आले, कुंभार कुठले, चामड्याचे काम करणारे कुठले, हे सांगते. आणि फिल्म करणारे जोडपे आपल्या स्वतःच्या दोन प्रांतांच्या, दोन घरांच्या संसाराचीही गोष्ट मध्येच मांडते. दुसऱ्याचे घर उघडे करताना आपलेही दार त्यांनी थोडे उघडले. ही रीत मला आवडली.

आणि मालेगाव. वर्तमानपत्रात मालेगाव यायचे ते दंगलीने किंवा २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांनी. फैजा अहमद खान २००८ मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' घेऊन आल्या, त्यात बॉम्ब नाही. यंत्रमागांचा खडखडाट आहे, शुक्रवारची सुट्टी आहे, आणि नासिर शेख नावाचा एक व्हिडिओ पार्लरवाला आहे, ज्याला मालेगावचा सुपरमॅन काढायचा आहे. सुपरमॅन कोण, तर शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत माणूस. त्याला उडवायचे तर मागे हिरवा कपडा लावून लटकवायचे. हसून हसून पोट दुखते आणि मध्येच लक्षात येते, की हे लोक आपल्यासारखेच आहेत, धाकट्या गावात अडकलेले, मुंबईकडे बघणारे. शफीक २०११ मध्ये कर्करोगाने गेला. फिल्म भारतातल्या थिएटरांत लागली २०१२ मध्ये. पुढे याच लोकांवर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट निघाला आणि २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. पण मला जुना माहितीपटच जवळचा. तिथे मुसलमान मोहल्ला कोणाला काही पटवून द्यायला उभा नाही. तो आपल्या उद्योगात आहे.

आता आमच्याकडे येतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटे. आदल्या दिवशी गणपती बुडाले होते, माणसे दमून गाढ झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. ती बहुतेक आपल्याच घराखाली गेली. या भागातले घर म्हणजे दोन-तीन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी खण, त्यावर मातीचे माळवद. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा. पिढ्यान्‌पिढ्यांचे ते ओझे एका क्षणात खाली आले. त्या आठवड्यात जगभरचे कॅमेरे किल्लारी, सास्तूरला येऊन गेले. ढिगारे सगळ्यांनी पाहिले. नंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, ओळीतली घरे. त्यांचेही चित्रण झाले.

पण त्या गावांतली घरे उभी होती तेव्हा ती कोणी चित्रित केली होती? ढेळजेत बसून पान खाणारे म्हातारे, भिंतीतले धान्याचे बळद, अंगणातले पेव, माळवदाला उजेडासाठी ठेवलेले सानं, त्यातून दुपारी जमिनीवर पडणारा तो कवडसा, ज्यावरून बायका वेळ सांगायच्या? मी पुष्कळांना विचारले. काही घडत नव्हते, मग कोण कशाला येईल?

आले होते मात्र कोणीतरी. लग्नाचा शूटिंगवाला. १९९० च्या आसपास आमच्या खेड्यांतून लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगची हौस शिरली. एकाच्या खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात हॅलोजनचा दिवा आणि मागे लांबलचक वायर. फ्लाहर्टीला घर कापावे लागले होते. यांनी दिवाच घरात नेला. नवरीला हळद लागते ते पाहायला हे लोक थेट आतल्या खोलीत गेले, आणि जिथे जन्मात एवढा उजेड पडला नव्हता त्या काळ्या तुळया, कोनाडे, उतरंडी सगळे झगमगून गेले.

आताच्या लोहारा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात माझी खाला राहायची. तिच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट होती, मे १९९२ ची. भूकंपात घर गेले, खालू गेले. कॅसेट जावयाच्या गावी होती म्हणून राहिली. पुढे व्हीसीआर भाड्याने आणून ती कॅसेट लावली, तर खाला नवरीकडे बघेचना. मला म्हणाली, "ठैर, ठैर, जरा पीछे ले. तेरे खालू की खूँटी दिखी क्या?" खुंटीवर खालूंचा सदरा होता. मग चुलीमागची भिंत, मग दारातला लिंब. शेजारच्या देशमुखांची म्हातारी आहेर घेऊन येताना दिसली तेव्हा खालाने तिचे नाव घेतले आणि ती कुठल्या भिंतीखाली सापडली तेही सांगितले. त्या दिवशी खोलीत आम्ही दहा-बारा जण होतो, अर्धे मुसलमान, अर्धे मराठे आणि लिंगायत. सगळे आपापली माणसे आणि भिंती शोधत होते. लग्न कोणी पाहिलेच नाही.

पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. फिल्म्स डिव्हिजनच्या पेडर रोडच्या आवारात चित्रपटाचे संग्रहालय २०१९ मध्ये उघडले. फिल्म्स डिव्हिजन स्वतः आता एनएफडीसीत विलीन झाले आहे. तिथे भाक्रा मिळेल, नागालँड मिळेल. पण सास्तूर-किल्लारीच्या बाजूची जुनी माळवदाची घरे, चालती-बोलती, पाहायची असतील तर ती कोणाच्या तरी पेटीतल्या, कोणाच्या तरी कपाटावरच्या लग्नाच्या कॅसेटींत आहेत. आणि त्या कॅसेटींना बुरशी चढते आहे. ज्यांच्या त्या आहेत त्यांना वाटते, हे आपल्या घरचे लग्न, यात दुसऱ्याला काय घ्यायचे. शूटिंगवाल्यांनी मूळ कॅसेटी पुसून पुन्हा वापरल्या, कारण कॅसेट महाग होती.

खालाची कॅसेट तिच्या पश्चात मी सोलापूरच्या एका दुकानात नेली. दुकानदाराने ती उघडून पाहिली, मान हलवली, आणि चार दिवसांनी तीन तासांपैकी जेमतेम दोन तास वाचले म्हणून एक पेन ड्राइव्ह हातात ठेवला. निकाहचा भाग गेला. जेवणावळ अर्धी राहिली. हळदीचे मात्र सगळे आहे. हॅलोजनवाला आतल्या खोलीत वळतो, बळदावर झोपलेले मांजर उजेडाला बिचकून खाली उडी मारते, कोणीतरी बाई हसते, मागून खालूंचा आवाज येतो, दिवा जरा इकडे धरा म्हणून, मराठीत. शूटिंगवाला मराठी होता ना.